हजार बायका तपासल्या तर कितीजणींत काय सापडतंय

गेल्या पावसाळ्यात आमच्या काकूचा रिपोर्ट आला. काकू खानापूर तालुक्यातली, तीन बाळंतपणं सोडली तर दवाखान्याची पायरी न चढलेली बाई, खरं आशा अक्कांनी गावात नावं लिहून घेतली आणि चौघीजणी मिळून वडापनं कॅम्पला गेल्या, तिथं पॅप, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पेशींची तपासणी, करून आल्या. रिपोर्ट अख्खा इंग्लिशमध्ये. तिच्या पोरानं वाचला. त्यात एक ओळ होती, "निगेटिव्ह फॉर इंट्राएपिथेलियल लेजन ऑर मॅलिग्नन्सी", आणि त्या ओळीतला एकच शब्द त्यानं मोबाईलवर शोधला, शेवटचा. रात्री साडेदहाला मला फोन.

"हा म्हणतोय पिशवी काढून टाकूया. तू काय म्हणतीस गे?"

काकू रडत नव्हती, तेच मला जास्त लागलं. मनानं ती तयार होऊन बसली होती. आणि त्या ओळीचा अर्थ काय, तर कॅन्सर नाही, कॅन्सरच्या आधीचा बदलही नाही, काहीही सापडलेलं नाही.

मी बेळगावात एका लॅबमध्ये काम करते, रोज स्लाइडा हातातून जातात, त्यामुळं असे फोन मला नवीन नाहीत. कधी उलटंही होतंय. रिपोर्टमध्ये खरंच बदल असतोय आणि बाई दोन दोन वर्षं फिरकत नाही, का तर दुखत काहीच नाही. एकीला नको तेवढी भीती आणि दुसरीला पाहिजे तेवढीसुद्धा नाही, आणि मला वाटतं दोन्हीचं कारण एकच आहे, हजार बायका तपासल्या तर कितीजणींत काहीतरी वेगळं दिसतंय आणि त्यातलं खरोखर काळजीचं किती, हे त्यांना कुणी बसून सांगितलेलंच नसतंय.

आधी जागा समजून घेऊया. आपण ज्याला पिशवी म्हणतो त्या गर्भाशयाचं खालचं तोंड, म्हणजे गर्भाशयमुख. तिथं दोन प्रकारच्या पेशी एकमेकींना भेटतात. बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे थरावर थर, आतल्या बाजूला उभ्या पेशींचा एकच नाजूक थर. वयात आल्यावर, बाळंतपणात, हार्मोन बदलतील तसं ही मधली सीमा सरकत राहते आणि त्या पट्ट्यात आतल्या पेशींची जागा बाहेरच्यासारख्या पेशी घेत असतात. सतत बदलणारी जागा, म्हणून तीच कच्ची. जवळपास सगळी भानगड तिथंच सुरू होते, आणि ब्रश किंवा लाकडी पट्टी फिरवून नमुना घेतात तोही तिथलाच.

भानगड करणारा विषाणू म्हणजे एचपीव्ही. याचे २०० च्या वर प्रकार आहेत, त्यातले साधारण १४ कॅन्सरच्या दृष्टीनं धोक्याचे, आणि त्यातही १६ आणि १८ नंबरचे दोघे मिळून जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत. हे शोधून काढलं जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाऊझेन यांनी, १९८० च्या दशकात, आणि २००८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. विषाणू करतो काय, तर पेशीमध्ये वाढ थांबवणारे दोन ब्रेक असतात, पी५३ आणि आरबी अशी त्यांची नावं, ते दोन्ही तो निकामी करतो. ब्रेक गेलेली पेशी वाढत राहते, आकार बिघडतो, मधला केंद्रक मोठा आणि काळपट होतो, आणि हेच आम्हाला मायक्रोस्कोपखाली दिसतंय.

इथं एक गोष्ट थांबून सांगते कारण यावरून घरं मोडायची वेळ आलेली मी बघितली आहे. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो हे खरं, आणि संबंध असलेल्या बहुतेक सगळ्या माणसांना, बाया काय आणि बाप्ये काय, आयुष्यात कधी ना कधी तो होतोच. तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. म्हणजे आज पंचेचाळिशीत टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तो कालचा की वीस वर्षांपूर्वीचा, हे कुणालाच सांगता येत नाही. या रिपोर्टवरून नवऱ्यावर किंवा बायकोवर बोट दाखवायचं काहीच कारण नाही. आणि लागण झालेल्या दहाजणींपैकी साधारण नऊजणींच्या अंगातली ताकदच दोन वर्षांच्या आत त्याला हाकलून लावते, त्या बाईला पत्तासुद्धा लागत नाही. ज्या थोड्याजणींत तो ठाण मांडून बसतो त्यांच्यात पुढचे बदल, आणि तिथूनही कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढा मोठा अवधी देणारा कॅन्सर दुसरा क्वचितच असेल.

आता आकडे. आकडे अमेरिकेचे, इंग्लंडचे पुष्कळ मिळतात खरं मला ते आपल्याकडं लावायचे नाहीत, कारण तिथं बाई तरुणपणापासून दर तीन पाच वर्षांनी तपासून घेत आलेली असते. आपल्याला जवळचा अभ्यास आहे उस्मानाबाद जिल्ह्यातला, आता धाराशिव. १९९९ मध्ये सुरू झाला, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून केला, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. शेतात राबणाऱ्या, लवकर लग्न झालेल्या, आधी अशी तपासणी माहीतच नसलेल्या. म्हणजे आपल्या अथणी रायबागकडच्या बाईपेक्षा काही फार वेगळ्या नाहीत.

त्यांनी गावांचे चार गट केले. एका गटात व्हिनेगरची तपासणी, ज्याला व्हीआयए म्हणतात, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात एचपीव्ही टेस्ट, आणि चौथ्या गटात नेहमीचीच सोय. काय सापडलं ते हजार बायका धरून सांगते. व्हिनेगर लावून बघितलं तर हजारातल्या १४० जणींत काहीतरी पांढरं उमटलं. पॅपमध्ये ७० जणींच्या पेशी वेगळ्या दिसल्या. एचपीव्ही टेस्ट १०३ जणींची पॉझिटिव्ह आली. आणि या सगळ्यांना पुढं बोलावून नीट तपासल्यावर, गरज पडेल तिथं तुकडा काढून बायोप्सी केल्यावर, खरोखर उपचार लागेल असा कॅन्सरच्या आधीचा बदल किती? व्हिनेगरच्या गटात हजारी ७, पॅपमध्ये हजारी १०, एचपीव्हीमध्ये हजारी ९.

म्हणजे तिन्हीकडून फिरून उत्तर जवळजवळ तेच येतंय, शंभरातली एक. आणि पहिल्या पायरीवर "तुमचं काहीतरी वेगळं दिसतंय, परत या" असं ऐकणाऱ्या मात्र शंभरात ७ पासून १४ पर्यंत.

घरात तांदूळ चाळणाऱ्या बाईला हे समजावायला मला कधी अडचण आली नाही. बारीक भोकांच्या चाळणीत खडे अडकतात, खरं त्याच्याबरोबर चांगले मोठे दाणेही अडकतात, आणि मग आपण चाळणीतलं ते सगळं सुपात घेऊन उजेडात निवडत बसतो. चाळणीत राहिला म्हणून कुणी दाण्याला खडा म्हणत नाही. तपासणीचा पहिला रिपोर्ट म्हणजे चाळणी, आणि कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख जवळून बघणं, आणि बायोप्सी म्हणजे निवडणं. व्हिनेगरमध्ये अडकलेल्या साधारण वीसजणींत एक खडा निघाला, एचपीव्हीत अकराजणींत एक, पॅपमध्ये सातजणींत एक. बाकीच्या बायकांचं काय असतंय, तर कुणाला साधी सूज, कुणाला इन्फेक्शन, कुणाची जखम भरत आलेली, कुणाची पाळी जाऊन पेशी पातळ झालेल्या, कुणात विषाणू आलाय आणि तो आपल्या आपण जाणार आहे.

तपासणीनिहाय आकडे का बदलतात हेही यातच आलं. व्हिनेगर म्हणजे ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड, लावायचं, एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उठतोय का बघायचं. स्वस्त, तिथल्या तिथं उत्तर, शिकवलेली नर्ससुद्धा करते, आणि आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी धरलेली आहे. खरं सूज आली तरी पांढरं दिसतंय, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यावर पुष्कळ अवलंबून. पाळी गेल्यावर तो मधला पट्टा आत सरकतो आणि बाहेरून दिसतच नाही, त्यामुळं वयस्कर बायकांत ही तपासणी भरवशाची राहत नाही. पॅपला स्लाइड नीट पसरायला पाहिजे, लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायला पाहिजे, वाळली की पेशी फुगतात आणि आम्हाला काही वाचता येत नाही. असा नमुना आला की परत पाठवावा लागतो, आणि ती बाई म्हणते एकदा आलो तेच लई झालं. मला दर वेळी वाईट वाटतं.

एचपीव्ही टेस्ट महाग, खरं तिचा एक फायदा फार मोठा आहे. उस्मानाबादच्याच अभ्यासात पुढं आठ वर्षं बघितलं. टेस्ट निगेटिव्ह आलेल्या बायकांत नंतर कॅन्सर किती झाला, तर एचपीव्ही निगेटिव्हमध्ये लाखात वर्षाला ४ च्या आत, आणि पॅप किंवा व्हिनेगर निगेटिव्हमध्ये लाखात १५-१६. म्हणजे "नाही" म्हटल्यावर त्या "नाही" वर सगळ्यात जास्त विश्वास ठेवावा अशी ही टेस्ट. तपासणीच न झालेल्या गटात या कॅन्सरनं ६४ बायका गेल्या, एचपीव्हीच्या गटात ३४. २००९ मध्ये हे छापून आलं. आता जागतिक आरोग्य संघटनाही हीच टेस्ट पहिली करा म्हणते, तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी. आणि नमुना बाईला स्वतःच आडोशाला जाऊन घेता येतो, कुणासमोर पाय पसरून झोपायला लागत नाही. आपल्याकडच्या बायकांची निम्मी अडचण तीच तर असते.

तिशीपासूनच का, हे पुष्कळ मुली विचारतात. विशी पंचविशीत विषाणू येणं जाणं चालूच असतंय, तेव्हा तपासलं तर ढीगभर पॉझिटिव्ह सापडतील आणि त्यातले बहुतेक आपोआप जाणारे असतील, उगाच घाबरवणं आणि उगाच उपचार. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्यात या कॅन्सरचा धोका सहापट, बदलही लवकर पुढं सरकतात, म्हणून त्यांनी २५ पासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी तपासायचं. बेळगाव बागलकोटचा पट्टा एकेकाळी एचआयव्हीच्या बाबतीत जास्तीचा होता, त्यामुळं हे मी मुद्दाम लिहितेय. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या आणायला जाणाऱ्या ताई, मावशींनी तिथंच विचारावं, माझी ही तपासणी झाली का.

बरं, बदल सापडला तर तो कुठल्या पायरीवरचा आहे हे महत्त्वाचं. पॅपच्या रिपोर्टमध्ये "ॲस्कस" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पेशी थोड्या वेगळ्या आहेत, का ते नक्की सांगता येत नाही, ही सगळ्यात जास्त दिसणारी गडबड आणि सगळ्यात हलकी. "एलसिल" म्हणजे सौम्य. "हायसिल" म्हणजे जास्तीचा बदल, इथं वेळ घालवायचा नाही. बायोप्सीमध्ये याच गोष्टीला सीआयएन १, २, ३ म्हणतात, म्हणजे थराच्या जाडीपैकी खालचा एक तृतीयांश बिघडला, दोन तृतीयांश बिघडला, की जवळजवळ सगळाच. तिन्हीमध्ये एक गोष्ट सारखी, थराच्या तळाशी एक पातळ पडदा असतो आणि पेशी त्याच्या खाली उतरलेल्या नसतात. शेताचा बांध समजा. तण बांधाच्या आत कितीही माजलं तरी ते अजून आपल्याच वावरात आहे, उपटता येतंय. बांध ओलांडून गेलं की मग त्याला कॅन्सर म्हणायचं.

सीआयएन १ पैकी निम्म्याहून जास्त बदल काहीही न करता जातात, १९९३ मध्ये जुन्या अभ्यासांची बेरीज केली होती त्यात ५७ टक्के आपोआप बरे झालेले आणि कॅन्सरपर्यंत गेलेले १ टक्का. म्हणून डॉक्टर म्हणतात वर्षभरानं परत या, तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात. सीआयएन २ चं दोन वर्षांत काय होतं ते बघितलं तर निम्मे जातात, ३२ टक्के तसेच राहतात, १८ टक्के पुढं सरकतात.

सीआयएन ३ बद्दल मात्र मी ठाम आहे, ते सोडायचं नाही. ते सोडलं तर काय होतं हे जगाला न्यूझीलंडमुळं कळलं, आणि ज्या पद्धतीनं कळलं ते वाईट आहे. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात १९६० आणि ७० च्या दशकात काही बायकांना त्यांच्या नीट संमतीशिवाय उपचार न देता नुसतं बघत ठेवलं होतं. १९८७-८८ मध्ये चौकशी झाली, देश हादरला. २००८ मध्ये त्या बायकांची पुढची माहिती छापून आली, ज्यांना पुरेसा उपचार मिळाला नाही त्यांच्यातल्या ३१ टक्के बायकांना ३० वर्षांत कॅन्सर झाला, आणि ज्यांना नीट उपचार मिळाला त्यांच्यात १ टक्क्याहूनही कमी जणींना. आज डॉक्टर "हे काढूयाच" म्हणतात तेव्हा त्यामागं त्या बायका आहेत.

आणि काढायचं म्हणजे काय? पिशवी नाही. हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. गर्भाशयमुखावरचा तो बिघडलेला पट्टा तेवढा गोठवतात, नाहीतर गरम टोकानं भाजतात, नाहीतर विजेच्या तारेच्या वळ्यानं बिघडलेला भाग खरवडल्यासारखा काढतात, त्याला लीप म्हणतात. बहुतेक वेळा भूलसुद्धा जागेपुरती, संध्याकाळी घरी. थोडे दिवस पाण्यासारखं जातंय, महिनाभर संबंध नको, आणि वर्षानं परत तपासणी. दहातल्या साधारण नऊजणी एवढ्यावर बऱ्या होतात. पुढं मूल हवं असेल तर होतंय, लीप झालेल्या बाईचं बाळंतपण थोडं लवकर व्हायची शक्यता वाढते तेवढं डॉक्टरांना आठवणीनं सांगायचं.

आपल्या भागात मात्र पांढरं जातंय म्हटलं की पिशवी, कंबर दुखतेय म्हटलं की पिशवी, आणि रिपोर्टमध्ये एखादा शब्द आला की मग तर पिशवीच. मुलंबाळं झाली, आता तिचा काय उपयोग, असं बायकाच बायकांना सांगतात. सीआयएनसाठी पिशवी काढणं काही थोड्या वेळा लागतंय, दुसरं कारण सोबत असेल तर, खरं ती पहिली पायरी कधीच नाही. बायोप्सी न करता काढली आणि आत खरंच कॅन्सर दडलेला निघाला तर झालेलं ऑपरेशन अपुरं ठरतंय, पुढचा उपचार अवघड होऊन बसतोय. सोबत अंडाशयही काढली तर पाळी गेल्यावरचे बदल पस्तिशी चाळिशीतच सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा त्रास लवकर मागं लागतो. आणि बदलासाठी पिशवी काढली तरी तपासणी सुटत नाहीच, योनिमार्गाच्या वरच्या टोकाचा नमुना पुढं कैक वर्षं घ्यावाच लागतो.

आता शंभरातली एक हा आकडा परत घ्या आणि दुसऱ्या बाजूनं बघा. एका बाईला तो धीर देणारा आहे, तिच्यात काही नसण्याचीच शक्यता जास्त. पूर्ण तालुक्याला तो छोटा नाही. एखाद्या तालुक्यात ३० ते ५९ च्या ५० हजार बायका धरल्या आणि उस्मानाबादसारखंच प्रमाण असेल असं समजलं, तर साडेचारशे ते पाचशे बायका आज या घडीला हा बदल घेऊन भांगलणीला जातायत, निपाणीत विड्या वळतायत, पोरांचे डबे भरतायत, आणि एकीलाही काही होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ही तपासणी एकदा तरी झालेल्या देशात शंभरात दोनसुद्धा निघाल्या नाहीत. २०२२ मध्ये भारतात या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे पेशंट आणि जवळपास ८० हजार मृत्यू. वीस वर्षं वाट बघत बसणारा रोग आणि त्यानं एवढ्या बायका जातात, याचा मला राग येतो, रोज स्लाइड बघूनही तो राग गेलेला नाही.

संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत रक्त, वास मारणारं पाणी जाणं, यातलं काही असेल तर कॅम्पची वाट बघू नका, पॅप निगेटिव्ह आहे म्हणून गप्पही बसू नका, सरळ डॉक्टरला दाखवा. तपासणी ही काही त्रास नसलेल्या बाईसाठी असते, त्रास असलेल्या बाईला डॉक्टर लागतो. आणि विडी सिगारेटचा धूर या विषाणूला मदत करतो एवढं ध्यानात ठेवा.

लसीचं थोडक्यात, कारण तो वेगळा विषय आहे. ती आधीच झालेला बदल बरा करत नाही, म्हणून ९ ते १४ वयाच्या मुलींना, संबंध सुरू व्हायच्या आधी. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२२ मध्ये मंजूर झाली, १६ आणि १८ दोन्ही तिच्यात येतात. सगळे धोक्याचे प्रकार त्यात येत नाहीत त्यामुळं लस घेतलेल्या मुलीनंही तिशीत तपासून घ्यायचंच.

आपल्या सीमेवरच्या बायकांसाठी एक गोष्ट. आपण इकडं सिव्हिलला दाखवतो, मग कुणीतरी सांगतं म्हणून मिरजेला, कोल्हापूरला, नाहीतर हुबळीला जातो, आणि दर ठिकाणी नव्यानं सुरुवात. बायोप्सी झाली असेल तर नुसता कागद पुरत नाही, त्याची स्लाइड आणि मेणातला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, ते लॅबकडून मागून घ्या, तुमचं आहे ते, आम्ही देतो. दुसऱ्या डॉक्टरला तोच परत बघता येतो, परत तुकडा काढायची वेळ बहुतेक वेळा येत नाही. आणि रिपोर्ट घेताना तिथंच विचारा, यात बदल आहे की नाही, असेल तर कुठल्या पायरीचा, आणि मी परत कधी यायचं. कन्नडमध्ये विचारा, मराठीत विचारा, कळेपर्यंत विचारा.

त्या रात्री मी काकूला रिपोर्टचा फोटो पाठवायला सांगितला आणि ओळ अन् ओळ मराठीत वाचून दाखवली. खाली "इन्फ्लमेटरी" असंही लिहिलं होतं, म्हणजे सूज आहे, त्याला गोळ्या दिल्या, संपलं. ती म्हणाली, मग याच्यात मॅलिग्नन्सी कशाला लिहिलंय? मी म्हटलं, ती नाही हे सांगायला. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, हे मराठीत लिहून दे मला. पुढच्या रविवारी गेले तेव्हा रिपोर्टच्या मागं बॉलपेननं लिहून दिलं, काही सापडलं नाही, परत तीन वर्षांनी, आणि खाली वर्ष घातलं. रेशन कार्ड आणि आधारच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय तिनं तो कागद.